सहा महिन्यांची गोळी

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको. बाजारात माझी जुडी उचलून कोणी "पिवळी पडलीय की हो" म्हणालं, तर मी त्याला तिथल्या तिथे सुनावते. सासूला सुनावलं, दिराला सुनावलं, बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याला तर गावासमोर सुनावलं. एका डॉक्टरसमोर मात्र मी चार वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले. त्याचा राग मला आजही येतो. माझाच येतो, आणि बाकीच्यांचा तर येतोच येतो.

आमचं शेत नाशिकच्या कडेला, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पलीकडच्या अंगाला. तिन्ही बाजूंनी आता इमारती उठल्यात, आम्ही मधल्या अडीच एकरात मेथी, कोथिंबीर, शेपू आणि पालक लावतो, एका बाजूला झेंडू आणि शेवंती. पाच वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता ओल्या कोथिंबिरीचा क्रेट घेऊन बांधावरून येताना माझा पाय घसरला. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, सहा आठवडे पाय खाली टेकवायचा नाही म्हणाले. चौथ्या आठवड्यात तोच पाय मांडीपर्यंत सुजला. दवाखान्यात नेलं, तेव्हा सोनोग्राफी करून सांगितलं की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालीय. पाच दिवस ठेवून घेतलं, पोटात इंजेक्शनं दिली, आणि घरी सोडताना रक्त पातळ करायची गोळी हातात दिली.

पुढची तपासणी जवळ पडावी म्हणून इंदिरानगरमधल्या एका डॉक्टरकडे जायला लागलो. पहिल्याच भेटीत त्याने माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघून सांगितलं, "गोळी चुकवायची नाही. गाठ सुटून फुप्फुसात गेली, तर माणूस बसल्या जागी जातो." झालं! माझ्या नवऱ्याने ते वाक्य कानात बांधून घेतलं. त्या दिवसापासून तो डॉक्टर आमच्या घरात देवमाणूस झाला. दर भेटीला नवरा एक पिशवी भरून न्यायचा. मेथीच्या चार निवडक जुड्या, कोथिंबीर, हिवाळ्यात पालक, सणाला झेंडू. कंपाउंडर ती पिशवी केबिनच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि संध्याकाळी डॉक्टरच्या गाडीत नेऊन टाकायचा. चार वर्षं त्या माणसाने आमचा पाला खाल्ला.

या गोळीचं एक लफडं असतं. रक्त किती पातळ झालंय ते दर महिन्याला तपासावं लागतं. आयएनआर म्हणतात त्याला, आणि तो आकडा दोन ते तीनच्या मध्ये राहावा लागतो. कमी झाला तर गाठीची भीती, जास्त झाला तर रक्त वाहायची भीती. माझा आकडा कधी जागेवर बसलाच नाही. हिवाळ्यात दीडच्या खाली जायचा, की डॉक्टर गोळी वाढवायचा. उन्हाळ्यात चारच्या वर चढायचा, की डॉक्टर ती कमी करायचा. आणि दर वेळी भरल्या दवाखान्यात, दार अर्धं उघडं, तो मोठ्याने म्हणायचा, "बाई, गोळ्या चुकवता तुम्ही. अशाने मी काय करणार?"

मी एक गोळी चुकवली नव्हती. एकसुद्धा! नात्यात कोणाच्या मयताला गेले तरी पदराला बांधून नेली. पण नवऱ्याने डॉक्टरचं ऐकलं, माझं नाही. रात्रीचं जेवण झालं की हा माणूस पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभा. गोळी तळहातावर ठेवायची, मी गिळायची, आणि मग म्हणायचा, "आ कर." पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला वाटलं चेष्टा करतोय. मग म्हणाला, "जीभ वर कर." ओट्यापाशी सून भांडी आवरत होती. तिने मान खाली घातली. तीस वर्षं ज्याच्या बरोबरीने शेतात राबले, त्याच्यासमोर, माझ्याच सुनेच्या देखत, मी जीभ वर करून दाखवली. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी मी गप्प बसले, कारण फुप्फुसात गाठ जायची भीती मलाही होतीच. हे कबूल केलं पाहिजे.

अंगावर काळेनिळे डाग पडायला लागले. बांगडी जरा दाबली गेली की मनगटाला निळं कडं. चूळ भरली की थुंकीत लाल. पालक कापताना विळा बोटाला लागला, तर अर्धा तास फडकं दाबून बसले तरी थांबेना. नवऱ्याने विळा काढूनच घेतला माझ्या हातातून. म्हणाला, "तू नुसती जुड्या बांधायला बस." ज्या बाईने बारा वर्षांची असल्यापासून विळा धरला, तिला सावलीत बसवून सुतळीचे तुकडे करायला लावले. शेजारीण बांधावरून विचारायची, "काय गं, बरं नाय का?" मी म्हणायचे, "लय बरं हाय, मालकीण झालेय आता." ती हसायची. मला रडू यायचं, पण मी तिला ते दिसू दिलं नाही.

आता माझी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी कधीतरी त्या दवाखान्यात एक नवीन मुलगी फॉर्म भरायला बसली होती. नाव, वय, वजन झाल्यावर तिने विचारलं, "पालेभाजी खाता का?" बाकावर सात-आठ जणं बसलेली. त्यात इमारतीतली एक बाई, जी दर रविवारी माझ्याकडून कोथिंबीर घेते आणि दर रविवारी घासाघीस करते. मी तिच्याकडे बघून ठसक्यात म्हणाले, "आम्ही विकायला पिकवतो, खायला नाही." बाकावरचे सगळे हसले. त्या मुलीने फॉर्मवर "नाही" लिहिलं. डॉक्टरने तो फॉर्म पाहिला की नाही, देव जाणे. मला कधी पुन्हा कोणी विचारलं नाही.

धडधडीत खोटं होतं ते. पालेभाजीवाल्याच्या घरात रोज काय शिजतं ते मला विचारा. पालेभाजीचा लिलाव संध्याकाळी होतो, आणि जे लिलावात उठत नाही ते सकाळी हातविक्रीला बसायचं. तिथेही जे उरतं ते घरी येतं. दुपारपर्यंत माना टाकलेली ती जुडी फेकायला हात धजत नाही, कारण तिच्यामागे पहाटेचं पाणी असतं. मग तीच चिरायची. मेथी, नाहीतर शेपूची डाळ, नाहीतर पालक, दोन्ही वेळ, बुट्टीभर. पण हे चार लोकांत सांगायचं कसं? आम्ही आमची भाजी खातो याचा अर्थ आमचा माल खपत नाही. आमच्यात बायका हे मरेपर्यंत कबूल करत नाहीत. पाहुणा आला तर आम्ही बटाटा आणून करतो. त्या दिवशी मला त्या घासाघीस करणाऱ्या बाईसमोर नाक कापून घ्यायचं नव्हतं. एवढंच कारण. हसू नका, तुम्हीही असलंच काहीतरी कुठेतरी लपवलं असेल.

चौथ्या वर्षी चैत्रात भावाच्या मुलीचं लग्न निघालं. माझं माहेर चांदवडकडचं, कांद्यावाल्यांचं. मी आठ दिवस आधीच गेले. नवऱ्याने गोळ्यांची डबी मोजून दिली आणि वहिनीला फोन करून सांगितलं, "तिच्या तोंडात गोळी गेलेली डोळ्यांनी बघा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माहेरी माझी काय इज्जत राहिली? वहिनीने मात्र इमानेइतबारे बघितली, रोज. आणि मी आठ दिवस लग्नघरातलं खाल्लं, बटाट्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, वांगं, मठ्ठा. हिरवं पान दिसलं नाही, आणि मला बरंच वाटलं होतं, सुटले एकदाची पाल्यातून म्हणून.

नवरीला वाटेला लावताना सगळ्या बायका रडत होत्या, मीही रडत होते. पदराने नाक पुसलं तर पदर लाल. वाटलं, उन्हाने घोळणा फुटला असेल. डोक्यावर पाणी थापलं, कांदा हुंगायला दिला. थांबेना. एक टॉवेल भिजला, दुसरा भिजला. नवरी गाडीत बसलेली, मागे वळून बघतेय, आणि आत्या ओसरीवर नाक धरून बसलेली. भाच्याने गाडीत घालून दवाखान्यात नेलं. नाकात बोळे कोंबले, रक्त तपासलं. आकडा आठच्या वर गेला होता. तिथल्या डॉक्टरने एक इंजेक्शन दिलं, दिवसभर ठेवून घेतलं, आणि लग्नाच्या कपड्यांत धावत आलेल्या माझ्या नवऱ्याला त्याने विचारलं, "ही गोळी कशासाठी चालू आहे?"

"पायात गाठ झाली होती."

"कधी?"

"चार वर्षं झाली."

"मग किती दिवस घ्यायला सांगितली होती?"

"कायमची," नवरा म्हणाला.

"कायमची कोणी सांगितली?"

मी बोळे घातलेल्या नाकाने नवऱ्याकडे बघितलं. खरंच, कोणी सांगितली होती? मला आठवेना. मी चार वर्षं एक गोळी गिळत होते, आणि ती कधी संपणार हे मी एकदाही विचारलं नव्हतं. भाजीच्या औषधाची बाटली घेताना मी दुकानदाराला दहा प्रश्न विचारते.

घरी आल्यावर पहिल्यांदा त्या देवमाणसाकडेच गेलो, कारण नवरा ऐकेना. चांदवडचा कागद डॉक्टरने वरवर पाहिला आणि म्हणाला, "लग्नाच्या गडबडीत दोन-दोन गोळ्या घेतल्या असतील बाईंनी. आधी चुकवायच्या, आता डबल."

माझं डोकं सणकलं. "डॉक्टर," मी म्हणाले, "ही गोळी किती दिवसांची होती?"

"ते मी बघतो. तुम्ही कशाला काळजी करता?"

"रक्त माझं वाहिलं. काळजी मी नाही करायची तर कोणी करायची?"

"गाठ परत झाली तर मग माझ्याकडे येऊ नका." असं तो म्हणाला, आणि वर नवऱ्याकडे बघून हसला. "समजवा यांना."

नवऱ्याने माझं कोपर धरलं. मी ते सोडवून घेतलं, उठले, आणि केबिनच्या कोपऱ्यात नुकतीच ठेवलेली भाजीची पिशवी उचलली. कंपाउंडर बघतच राहिला. भरल्या दवाखान्यातून ती पिशवी घेऊन मी बाहेर आले, आणि फाटकापाशी कचरा वेचणाऱ्या बाईला देऊन टाकली. ती म्हणाली, "एवढी?" मी म्हटलं, "सगळी."

घरी जे झालं ते विचारू नका. नवरा म्हणाला, देवमाणसाला दुखावलंस. म्हणाला, आपल्यासाठी तो माणूस फोन उचलतो, बिलात सूट देतो, आणि तू त्याच्या तोंडावरून भाजी उचलून आणलीस. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं. तो म्हणाला, "दहा डॉक्टर केले की पेशंट खड्ड्यात जातो."

"दहा नाही हो, दोन. दोनपर्यंत तरी मोजता येतं ना तुम्हाला?"

"आणि दुसऱ्याने गोळी बंद केली तर? मेलीस तर?"

"मेले तर सुटाल!"

हे बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. त्या तीन दिवसांत सुनेने एक शहाणपणाचं काम केलं. तिने विचारलं, "आई, त्या पहिल्या दवाखान्यातून घरी सोडताना कार्ड दिलं असेल ना? आपल्या फाइलमध्ये तर नुसत्या रक्ताच्या चिठ्ठ्या आहेत." ते कार्ड कुठे होतं? नवऱ्याने ते महत्त्वाचं म्हणून लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांच्या पिशवीत, घडी घालून ठेवलं होतं. जमिनीचे कागद कोणाला दाखवायचे नाहीत, पेटीबाहेर काढायचे नाहीत, हा आमच्या घरातला नियम. तोच त्या कार्डाला लागला. ते कधी इंदिरानगरला गेलंच नाही, आणि त्या डॉक्टरनेही ते कधी मागितलं नाही. सुनेने इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "सहा महिने गोळी. त्यानंतर पुन्हा तपासून पुढचं ठरवावं."

सहा महिने! मी ते कार्ड हातात घेतलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण सहाचा आकडा येतो. कार्डावर तो चार वर्षं पेटीत पडून होता. मी ते नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं आणि एक शब्द बोलले नाही. मी बोलले नाही की त्याला जास्त लागतं, हे मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याने सुनेला गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरबाईंचा नंबर लावायला सांगितला.

त्या डॉक्टरबाईंशीही भांडायचं, असं ठरवूनच मी गेले होते. तरुण होत्या, माझ्या सुनेहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. हसल्या नाहीत, चहा-पाणी विचारलं नाही. फाइल उघडली आणि चार वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे दर हिवाळ्यात खाली जातंय आणि दर उन्हाळ्यात वर जातंय. गोळ्या चुकवणारा माणूस ऋतू बघून चुकवत नाही. तुम्ही काय करता?"

"शेती."

"कसली?"

"पालेभाजी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि जेवणात काय असतं?"

"आम्ही विकायला पिकवतो," मी सुरू केलं, "खायला..."

"खोटं बोलतीय मॅडम ती," नवरा मधेच म्हणाला. "आमच्यात दोन्ही वेळ पालाच असतो. खपला नाय की घरी येतो, आला की शिजतो. थंडीत तर दुसरं काही नसतंच."

माझ्या तोंडावर कोणी तरी पाणी मारल्यासारखं झालं. एका परक्या बाईसमोर, माझ्या नवऱ्याने, आमचा माल खपत नाही असं सांगून टाकलं. त्याचा गळा धरावासा वाटला मला. डॉक्टरबाईंनी मात्र त्या खपण्या-न खपण्याकडे लक्षच दिलं नाही. म्हणाल्या, "आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात भाव असतो," नवरा म्हणाला. "एक काडी घरी येत नाही. डाळ, पिठलं, वांगं."

मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी चिठ्ठ्यांवर बोट ठेवून. हिरव्या पाल्यात जे असतं ते या गोळीच्या उलट काम करतं. पाला वाईट नाही. रोज साधारण तेवढाच खाल्ला तर गोळी त्या मानाने बसवता येते. पण दोन महिने बुट्टीभर आणि मग दोन महिने काहीच नाही, असं झालं की आकडा झोके घेतो. थंडीत मी पाला खायचे, रक्त घट्ट व्हायचं, तो डॉक्टर गोळी वाढवायचा. चैत्रात पाला कमी झाला, गोळी वाढवलेलीच होती, आणि वर चांदवडला आठ दिवस पान नाही. नाकातून यायचंच होतं. डोक्यात रक्त वाहिलं असतं तर, असं त्या म्हणाल्या आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. त्यांच्याशी भांडायचं मी ठरवून गेले होते, पण त्या वाक्यानंतर माझी हिंमत झाली नाही.

मी विचारलं, "मग आजपासून बंद?"

"मुळीच नाही," त्या एकदम म्हणाल्या. "घरी जाऊन मनाने बंद केलीत तर माझ्याकडे यायचं नाही." हेही डॉक्टरच, म्हटलं मनात! पण पुढे त्यांनी नीट सांगितलं. हृदयाची झडप बदललेली माणसं असतात, हृदयाचे ठोके बिघडलेली असतात, पुन्हा पुन्हा गाठी होणारी असतात. त्यांना ही गोळी जन्मभर लागते आणि तीच त्यांना जगवते. माझी गाठ प्लास्टरमुळे, पाय हलवला नाही म्हणून झालेली. तशा गाठीला काही महिने पुरतात, पण पुढचं तपासूनच ठरवायचं असतं. ते कोणी ठरवलंच नाही. आधी पायाची सोनोग्राफी, रक्ताच्या चार तपासण्या, तोवर गोळी नवीन मापाने, आणि रोज एक वाटी भाजी, कमी नाही जास्त नाही. घरी आल्यावर सुनेने वाटी बाजूला काढली. नवरा आता गोळीबरोबर पालाही मोजायला लागला. मी कपाळाला हात लावला.

तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. डॉक्टरबाईंनी सगळे कागद बघितले. शीर मोकळी होती, जुन्या गाठीचा थोडा डाग होता, बाकी तपासण्या ठीक होत्या. म्हणाल्या, "बंद केली तर गाठ पुन्हा व्हायची शक्यता कमी आहे, पण अजिबात नाही असं मी सांगणार नाही. चालू ठेवली तर रक्त वाहायची भीती राहणार. माझं मत आहे की बंद करावी. काय करू या?"

"चालू ठेवा, मॅडम," नवरा लगेच म्हणाला.

"मी त्यांना विचारलं."

चार वर्षांत पहिल्यांदा कोणी मला विचारत होतं. इतकं भांडून इथवर आले, आणि आता "बंद" म्हणायला जीभ रेटेना. फुप्फुसात गेली तर माणूस बसल्या जागी जातो, हे माझ्याही हाडात मुरलं होतं. नवऱ्याचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, बोटं पांढरी पडली होती. मी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "बंद करा."

पाय सुजला, पोटरी दुखली, दम लागला, छातीत कळ आली तर घटकाभरही थांबायचं नाही, लगेच यायचं, असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि कागदावर मराठीत लिहून दिलं. बाहेर येऊन आम्ही पिकअपमध्ये बसलो. नवऱ्याने चावी लावली आणि गाडी सुरूच केली नाही.

"उद्या काही झालं तर?" तो म्हणाला.

"झालं तर झालं. तुम्ही माझं तोंड उघडून बघत बसलात म्हणून गाठ थांबणार होती का? चार वर्षं माझी जीभ बघितलीत. जनावराचे दात बघतात तशी. का? एवढा विश्वास नव्हता बायकोवर?"

त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले होते. समोरच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "तो दसरा आठवतो तुला?"

मला आठवत होता. न आठवायला काय झालं? प्लास्टरमधला पाय सुजायला लागला तेव्हा दसरा तीन दिवसांवर होता. आमचा झेंडू ऐन फुलात होता, आणि झेंडू पिकवणाऱ्याचं वर्ष त्या एका दिवसावर असतं. मी म्हणाले होते, अहो, पाय तटतटलाय, दवाखान्यात न्या. याने बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाला, प्लास्टर आवळलंय, दसरा झाला की जाऊ. तीन दिवस मी पाय पाटावर ठेवून फुलं निवडली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नेलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आत्ता इथे लिहीपर्यंत सांगितलेलं नाही. पण मी विसरले नव्हते. त्या डॉक्टरवर, त्या गोळीवर, तांब्यावर, जिभेवर मी जो काही राग काढला, त्यातला निम्मा या तीन दिवसांचा होता.

"तुला भरती केल्यावर तिथल्या डॉक्टरने मला बाजूला घेतलं," नवरा म्हणाला. "म्हणाला, तीन दिवस कुठे होतात? मी झेंडूचं सांगितलं, तर म्हणाला, हिची गाठ सुटली असती तर झेंडूचे हार हिलाच घालायला लागले असते. असं बोलला तो. मी तुला सांगितलं नाय. कोणालाच सांगितलं नाय. तुला एकदा वेळेवर न्यायचं होतं, ते मी केलं नाय. मला वाटलं, गोळी तरी चुकू द्यायची नाय."

तो रडत होता. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्याच्या आईच्या मयतालाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, हात ठेवावा त्याच्या हातावर. पण माझा हात उचलला गेला नाही. जाऊ द्या, झालं गेलं, असं मी म्हणाले असते तर ते खोटं झालं असतं, आणि खोटं बोलून काय होतं ते मी नुकतंच नाकातून बघितलं होतं.

"तुम्ही झेंडू बघितलात," मी म्हणाले. "मला नाही बघितलंत."

"हो."

"मी ते विसरणार नाही."

"नको विसरू."

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, त्याला आमची जागा हवी होती. मी खिडकीतून डोकं काढून त्याला म्हणाले, "थांब जरा, घाई असली तर उडून जा!" मग काच वर केली आणि नवऱ्याकडे वळले.

"ऐका. पुन्हा कधी माझा पाय सुजला, तर बोटाने दाबून बघायचं नाही. कोणाला विचारायचं नाही. शेतात काय उभं आहे ते बघायचं नाही. गाडी काढायची."

"काढीन."

"दसरा असला तरी?"

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "दसरा असला तरी," तो म्हणाला.